मुरमाड प्लॉट, शनिवार-रविवारचं घर आणि शोभेची गवतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासवडच्या पुढे पाच गुंठ्यांचा प्लॉट, त्यावर छोटं घर. जमीन मुरमाड, वीतभर खाली कडक. जाणं फक्त शनिवार-रविवारी. घरापुढच्या साधारण एका गुंठ्यात दोनदा लॉन लावला आणि दोन्ही उन्हाळ्यांत तो जळाला. आता तिथे शोभेची उंच गवतं लावायची आहेत, परदेशी बागांच्या व्हिडिओत दिसतात तशी. पाणी आणि लक्ष दोन्ही कमी लागलं पाहिजे. कोणती लावावीत, कशी लावावीत, आणि घरच्यांना भीती वाटते तसे साप येतील का?

जरूर लावा. सासवडपासून सुपे-बारामतीपर्यंतचा हा सगळा पट्टा मुळात गवताळ माळांचाच. सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे, तिथे चिंकारा याच माळांवर चरतात. तुमच्या प्लॉटवर घर बांधण्याआधी जे उगवत होतं तेही बहुतेक गवतच असणार. म्हणजे तुम्ही जमिनीच्या कलाने जायला निघाला आहात. लॉनचं उलटं होतं. मे महिन्यात हिरव्या लॉनमधून दिवसाला ५-६ मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, आणि गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. तुमच्या त्या तुकड्याला उन्हाळ्यात रोज ५००-६०० लिटर पाणी लागत होतं. १०,००० लिटरचा टँकर जेमतेम अडीच आठवडे पुरला असता. लॉन जळाला यात तुमची हयगय नाही, ते गणितच बसणारं नव्हतं.

व्हिडिओंबद्दल मात्र आधी बोलायला हवं, कारण निम्मे पैसे तिथेच वाया जातात. न्यूयॉर्कची हाय लाइन किंवा शिकागोची लुरी गार्डन या सार्वजनिक बागांची चित्रं पाहून लोक त्याच जाती मागतात. या दोन्ही ठिकाणची लावणी पीट ओडॉल्फ या डच बागकाराची आहे, आणि गवतांकडे शोभेची झाडं म्हणून पाहायला जगाला शिकवणाऱ्यांत त्यांचं नाव वरचं आहे. पण तिथली गवतं बर्फाच्या हिवाळ्याला सरावलेली. निळसर पानांची फेस्क्यू, उभ्या तुऱ्यांची कॅलामॅग्रॉस्टिस ही थंड हवेची गवतं आहेत. आपल्या एप्रिलचं ऊन ती कशीबशी काढतात आणि जुलैच्या दमट हवेत बुडातून कुजतात. मिसकँथस उन्हाला टिकतो, पण सासवडच्या कोरड्या मुरमात पाण्याशिवाय त्याचं रूप येत नाही. गुलाबी धुक्यासारख्या तुऱ्यांचं म्हणून जे बी ऑनलाइन विकलं जातं त्याच्या वाटेला जाऊ नका. पाकिटावरचं चित्र बघून आलेली अशी बरीच पाकिटं मी लोकांच्या घरी पाहिली आहेत. त्यांतून एक तर काही उगवत नाही, नाहीतर भलतंच काही उगवतं.

त्या बागांकडून घ्यायचं ते त्यांचं वेळापत्रक ओळखणं. तिथली गवतं वसंतात फुटतात, हिवाळ्यात वाळून उभी राहतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कापली जातात. आपल्याकडे हेच चक्र पावसाभोवती फिरतं. जूनमध्ये फूट, ऑगस्टपर्यंत हिरवी वाढ, सप्टेंबर ते नोव्हेंबर तुरे, डिसेंबरपासून सोनेरी-तांबूस वाळलेलं रूप, आणि पावसाआधी कापणी. कमी देखभालीचं सगळं गुपित या चक्राला आडवं न जाण्यात आहे. वाळलेलं गवत बघून मन खट्टू होत असेल, जानेवारीत पाणी घालून ते हिरवं ठेवावंसं वाटत असेल, तर ही बाग तुम्हाला लॉनइतकंच राबवेल. ते सोनेरी पाच महिने तुम्हाला मनापासून आवडत असतील तरच यात पडा. मला स्वतःला गवताची बाग डिसेंबरातच सर्वांत सुंदर वाटते. ऑगस्टच्या हिरव्यात तर सगळंच हिरवं असतं.

आता काय लावू नये ते. जमिनीखालून धावणारं कोणतंही गवत लहान प्लॉटवर नको. नदीकाठी पावसाळ्यानंतर पांढऱ्या तुऱ्यांनी डोलणारा काश मोहात पाडतो, पण एकदा शिरला की तुमच्या पाचही गुंठ्यांत फिरेल. पांढऱ्या पट्ट्यांचा अरुंडो नर्सरीत हमखास मिळतो, त्याचीही तीच खोड. लाल पानांचा जपानी ब्लड ग्रास हा आपल्याकडे तणासारखा माजणाऱ्या इम्पेराटाचाच लाल प्रकार, तोही आतून पसरतो. ऑक्टोबरात पुण्याच्या टेकड्यांवर आणि रस्त्याकडेला गुलाबी चमकणारं जे गवत दिसतं, त्याच्या फांद्या तोडून आणून लोक बी टाकतात. ते मेलिनिस, आफ्रिकेतून आलेलं, आणि माळावरच्या देशी गवतांची जागा खाणारं. ते आणखी पसरवायला आपला हातभार लागू नये. पंपास गवताच्या पानांच्या कडा पात्यासारख्या कापतात, ते मोठं होतं आणि जगात अनेक ठिकाणी ते हाताबाहेर गेलेलं आहे. वाळलेल्या पंपासच्या फांद्या फुलदाणीत ठेवायच्या असतील तर विकत आणा, लावू नका.

कुसळी गवताबद्दल मला खरंच वाईट वाटतं. नोव्हेंबरच्या कलत्या उन्हात तांब्यासारखं दिसणारं याच्याइतकं देखणं देशी गवत नाही. पण त्याची कुसळं ओलावा मिळाला की पीळ सोडत-घेत आत घुसतात. कपड्यात, मोज्यात, कुत्र्याच्या कातडीत आणि कानात. घरी कुत्रा किंवा लहान मूल असेल तर ते बागेत नकोच. हौस असेल तर कुंपणापलीकडे, पायवाटेपासून दूर.

लावायची ती बेट करून राहणारी गवतं. म्हणजे जिथे लावलं तिथेच बुंधा रुंदावतो, पळत नाही.

कणा म्हणून वाळा घ्या. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटर किंवा त्याहूनही खोल, आणि एकदा ती मुरमाच्या भेगांत शिरली की वरच्या दुष्काळाचं त्याला फारसं काही वाटत नाही. पानं कमरेच्या वर जातात, पावसाळ्याच्या अखेरीस जांभळट तुरे येतात. लागवडीतला वाळा बियांनी पसरत नाही, ठोंबांनीच, म्हणजे मुळासकट वेगळ्या केलेल्या फुटव्यांनीच, वाढवावा लागतो, म्हणून त्याच्यावर निर्धास्त राहता येतं. कर्नाटकात गुंडलुपेटच्या परिसरातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळ्याच्या ओळी राखत आले होते. १९८० च्या दशकात जागतिक बँकेसाठी भारतात काम करणाऱ्या जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी माती अडवायला वाळ्याचा प्रसार केला, तेव्हा अशा जुन्या बांधांचा दाखला त्यांच्या हाताशी होता. तुमच्या प्लॉटला उतार असेल तर उताराला आडवी वाळ्याची एक ओळ टाका. शोभेचं बेट हवं तर दोन ठोंबांत ७५ सेंटिमीटर, माती धरायची असेल तर १५ सेंटिमीटर. सुगंधी मुळांचा मोह आवरा, कारण ती काढायची तर आख्खं झाड उपटावं लागतं.

रंगासाठी पर्पल फाउंटन ग्रास. नर्सरीत याला नुसतं पेनिसेटम म्हणतात. वाइनरंगी पानं, मऊ झुकलेले तुरे, वर्षातला बराच काळ फुलोरा. हे आपल्याकडचं नाही, पण या जांभळ्या प्रकाराला रुजणारं बी धरत नाही, त्यामुळे ते बागेतच राहतं. विकत घेताना एवढंच बघा की पान खरोखर जांभळं आहे. हिरव्या पानांचा आणि फिक्या तुऱ्यांचा जो प्रकार त्याच नावाने खपवला जातो तो बियांनी सुटतो. हवाई बेटांवर आणि ॲरिझोनात तो डोकेदुखी होऊन बसला आहे. जांभळ्याला देशी गवतांपेक्षा पाणी जास्त लागतं, उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी एकदा भरपूर. म्हणून तो मोजकाच, बसायच्या जागेजवळ लावा, जिथे पाइप पोचतो.

बाकीची जागा माळावरच्या गवतांना द्या. इथे मी जरा आग्रही आहे. पवना, डोंगरी, मारवेल, अंजन ही नावं गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना पाठ असतात, कारण ती चाऱ्याची उत्तम गवतं आहेत. बाग करणाऱ्यांनी मात्र त्यांच्याकडे कधी नीट पाहिलेलंच नाही. पवना गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढतो आणि वाळताना तांबूस होतो. डोंगरीचे तुरे बारीक, सोनेरी, विरळ, वाऱ्याची झुळूक आली की सगळ्यांत आधी तेच हलतात. मारवेलची पानं निळसर हिरवी. ते थोडं आडवं पसरतं, त्यामुळे मधल्या रिकाम्या जागा भरायला बरं. अंजनाचे तुरे कोल्ह्याच्या शेपटीसारखे, कधी जांभळट, आणि हलक्या मुरमात ते सगळ्यांत लवकर पाय रोवतं. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत अंजन उपद्रवी ठरलं आहे, पण आपल्या कोरड्या माळांवर ते मूळचंच. या चौघांना दुसऱ्या वर्षापासून पावसाखेरीज काहीही लागत नाही.

एका कोपऱ्यात रोशा गवतही लावून बघा, त्यालाच तिखाडी म्हणतात. पान चुरगळलं की गोडसर उग्र वास येतो. खानदेशात याचं तेल काढण्याचा धंदा जुना. उंच वाढतं, तुरे तांबूस. वासामुळे गुरं आणि शेळ्या दुसरं काही असेल तर याला सहसा तोंड लावत नाहीत. तुमच्या भागात धनगरांचे कळप फिरतात आणि कुंपण अर्धवट असेल तर हा गुण कामाला येतो. गवती चहा मात्र या बागेत धरू नका. त्याला पाणी लागतं आणि दोन-तीन वर्षांनी उकरून नव्याने लावावा लागतो. तो स्वयंपाकघराच्या सांडपाण्याजवळच बरा.

झाडाखालच्या सावलीत यातलं काहीच जमणार नाही, या सगळ्यांना दिवसाचे सहा तास तरी ऊन हवं. सावलीसाठी मोंडो ग्रास मिळतं. ते खरं गवत नाही, हळू वाढतं, पण सावलीत टिकतं.

देशी गवतं आणायची कुठून हा पुढचा प्रश्न येणारच. वनखात्याच्या किंवा गायरानाच्या जमिनीतून उकरून आणू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरचे पिकलेले तुरे विचारून घ्या. ताजं बी लगेच पेरून उपयोग नसतो, बऱ्याच माळगवतांचं बी काही महिने झोपलेलं असतं. कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवून पुढच्या जूनमध्ये पेरा. पेरायचं ते ट्रेमध्ये किंवा छोट्या पिशव्यांत. थेट जमिनीत फेकलं तर तण कोणतं आणि लावलेलं कोणतं हे महिनाभर जाणत्यालाही कळत नाही. मारवेल, अंजन यांची ठोंबं आणि बी चारापिकांवर काम करणाऱ्या केंद्रांकडे विचारून मिळू शकतं. तुमच्या जवळ उरुळी कांचनला बाएफ या संस्थेचं चाऱ्याच्या गवतांवर जुनं काम आहे, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठातही. झांशीला तर १९६२ पासून चारा आणि कुरणांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. तिथे कुणी शोभेसाठी गवत मागायला आलं की आश्चर्य करतात, पण मदत करतात.

लावणीत सर्वांत जास्त बिघडतं ते मातीमुळे, आणि तेही चांगल्या हेतूने. लोक सांगतात, मुरूम आहे म्हणून दोन ट्रक लाल माती टाकली. त्या मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची मुळं येतात, आणि पुढची कितीतरी वर्षं तुम्ही तेच खुरपत बसता. भारी माती आणि खत मिळालं की देशी गवतं भरमसाट वाढतात आणि पहिल्याच वादळी पावसात लोळतात. हलक्या जमिनीत ती आखूड, ताठ आणि देखणी राहतात. म्हणून माती आणू नका. मे महिन्यात पहारीने फूटभर लांब, रुंद, खोल खड्डे घ्या, तळाचा कडक थर फोडा, महिनाभर ऊन खाऊ द्या. भरताना तोच मुरूम, आणि जागेवरची वरची माती एक तृतीयांश. देशी गवतांना खत शून्य. वाळा आणि पर्पल फाउंटन यांना खड्ड्यात दोन ओंजळी पूर्ण कुजलेलं खत पुरे.

पूर्ण कुजलेलं, हे मी मुद्दाम सांगतो आहे. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात, आणि हुमणी गवताची मुळं खाते. जुलै-ऑगस्टमध्ये बेट अचानक पिवळं पडलं आणि ओढल्यावर सहज हातात आलं, तर मुळाशी उकरून बघा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडेल. तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. त्या वेळी फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करून मारणं हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. आसपास ऊस असेल तर हे दरवर्षी करावं लागेल. मेटारायझियम नावाची बुरशी कृषी केंद्रात मिळते. ओल असताना मुळांशी दिली तर उपयोग होतो. गवतांवर एरवी औषधं मारायची वेळ सहसा येत नाही. पर्पल फाउंटनवर कधी पिठ्या ढेकूण दिसतो, तेवढं बेट कापून टाका, नवी फूट स्वच्छ येते.

लावणी पहिले दोन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजल्यावर, म्हणजे तुमच्याकडे जूनअखेर ते जुलैचा मध्य. ठोंबाला तीन-चार फुटवे असावेत, पानं वीतभर ठेवून छाटावीत. बुंधा जमिनीच्या पातळीला राहील असा लावा. खोल गेला तर कुजतो. खड्ड्यात आधी बादलीभर पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं दिसलं तर तिथे मातीचा उंचवटा करून वर लावा. पवना, डोंगरी, अंजन ४५ सेंटिमीटरवर. पहिल्या वर्षी बाग उघडी-बोडकी दिसेल आणि जवळजवळ लावायचा मोह होईल, तो टाळा. मधल्या जागेत पहिल्या पावसाळ्यापुरता झेंडू टाका, किंवा कुर्डू येऊ द्या. कुर्डूची गुलाबी-पांढरी कणसं गवतात इतकी शोभतात की पुढे तुम्ही ती मुद्दाम राखाल. रेन लिलीचे कंद बेटांच्या कडेने पुरून ठेवा, पहिल्या सरींनंतर फुलतील. आणि दोन-तीन तरवडाची झुडपं हवीतच. पिवळी फुलं, पाण्याची मागणी नाही, याच माळावरचं झुडूप. पिवळा कॉसमॉस मात्र नको, पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तो आधीच फार पसरला आहे.

पहिलं वर्ष कष्टाचं आहे हे समजून घ्या. कमी देखभाल दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. पहिल्या पावसाळ्यात दर शनिवारी खुरपं घेऊन बसावंच लागेल. गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं, लव्हाळा गाठीसकट काढायचा. खुरपणी झाली की उसाचं पाचट दोन-तीन बोटं जाड पसरा, बुंध्यापासून वीतभर सोडून. मुरमाड जमिनीत वाळवी असते आणि पाचट बुंध्याला टेकलं तर ती थेट आत शिरते. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, तुम्ही जाल तेव्हा, प्रत्येक बेटाला अर्धी बादली पाणी. रोज थोडं देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खोल दिलेलं मुळांना खाली ओढतं. दुसऱ्या उन्हाळ्यात देशी गवतांचं पाणी बंद. ती वाळतील, मेली असं वाटेल. वळवाच्या पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवस थांबा.

कापणी वर्षातून एकदा. माझी पसंती मेच्या मध्याला आहे, म्हणजे सोनेरी रूप पूर्ण उपभोगून झालेलं असतं, बी गळून गेलेलं असतं आणि नवी फूट पावसावर येते. उंच बेटाला कमरेपाशी सुतळीने आवळून बांधा आणि खालून विळ्याने कापा. आख्खा भारा हातात येतो, पसारा होत नाही. वाळा आणि रोशा वीतभर ठेवून, पवना-डोंगरी चार बोटं ठेवून. वाळ्याच्या पानांनी हात चिरतात, हातमोजे घाला. पर्पल फाउंटन याला अपवाद, तो वर्षभर जिवंत असतो. त्याला फेब्रुवारीत एकदा आणि पावसाळा सरताना हलकी छाटणी द्या. कापलेलं गवत शेजारच्या गोठ्यात द्या किंवा आच्छादनाला वापरा. जाळू नका. तीन-चार वर्षांनी बेटाचा मधला भाग मरून फक्त कडेला फूट दिसू लागते. तेव्हा जूनमध्ये उकरून पहारीने तुकडे करा आणि कडेचे ताजे ठोंब पुन्हा लावा.

पण मेपर्यंत वाळलेलं गवत उभं ठेवायचं तर वणव्याचा विचार केलाच पाहिजे, तोही गांभीर्याने. फेब्रुवारी ते मे या काळात तुमच्या भागात माळ पेटतात, कधी बांध जाळताना, कधी रस्त्यावरून टाकलेल्या विडीने. म्हणून कुंपणालगतची तीन मीटरची पट्टी जानेवारीतच जमिनीलगत कापून साफ करा, वनखातं जाळरेषा काढतं तशी. घराच्या भिंतीपासूनही दोन मीटर गवत नको. ही दोन कामं होणार नसतील तर सगळंच गवत होळीच्या आधी कापून टाका. सोनेरी रंगाचे दोन महिने जातील, पण घर सुरक्षित राहील.

साप. माळावर साप असतातच, लॉन होता तेव्हाही होते. कोरड्या दगडाळ माळावर फुरसं, शिवाय घोणस आणि नाग. गवत सापाला बोलावत नाही, उंदीर बोलावतात, आणि उंदरांना धान्य, खरकटं, रचून ठेवलेली लाकडं बोलावतात. आधी ते आवरा. घराभोवतीची ती दोन मीटरची मोकळी पट्टी इथेही उपयोगी पडते. तिथे बारीक खडी सपाट अंथरा, मोठ्या दगडांची रचना करू नका, कारण दगडांच्या फटी ही फुरशाची आवडती जागा. पायवाट मीटरभर रुंद आणि तिच्या कडेला बुटकी गवतंच. बेटात हात घालण्याआधी काठीने ठोकायचं, कापताना गमबूट घालायचे, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही. हे तीन नियम घरात सगळ्यांनी पाळले तर भीतीचं कारण उरत नाही. साप दिसला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. त्यांचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवा.

मग जागा कशी मांडायची. गवताची सगळी शोभा मागून येणाऱ्या उन्हात आहे. तुम्ही ओसरीवर संध्याकाळी बसत असाल तर उंच तुऱ्यांची गवतं तुमच्या पश्चिमेला हवीत. सकाळच्या चहाची जागा असेल तर पूर्वेला. ऊन पाठीमागून आलं की डोंगरीचा एकेक तुरा उजळतो. तेच गवत ऊन अंगावर घेत बघितलं तर नुसतं तपकिरी दिसतं. एकेक जात एकेकटी लावू नका. डोंगरीचे चाळीस-पन्नास बेटांचे दोन मोठे पट्टे, मध्ये पवन्याचा एक, आणि अंजन कडेने, असं लावलं तर वाऱ्याची लाट दिसते. दाणे धरले की मुनियांचे थवे येतील, आणि जवळपास विहीर किंवा बाभूळ असेल तर सुगरणी वाळ्याची पानं चिरून नेताना दिसतील. पक्ष्यांसाठी म्हणूनही मेपर्यंत गवत उभं ठेवणं मला योग्य वाटतं.

तुमच्यासारखाच प्रश्न कोकणातून आणि गोव्यातूनही येतो. त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की तिथल्या पावसात उंच गवतं लोळतात आणि पर्पल फाउंटन पाणी न निचरणाऱ्या जागी कुजतो. जांभ्याच्या उतारावर वाळा उत्तम चालतो, बाकी सगळं उंचवट्यावर लावावं.

तुमच्या एका गुंठ्याचा हिशेब असा. घरालगतची खडीची पट्टी आणि पायवाट यांत २५-३० चौरस मीटर जातील. उतारावर दहा मीटरची वाळ्याची ओळ, ७५ सेंटिमीटरवर धरली तर १४ ठोंब. ओसरीजवळ पर्पल फाउंटनची ९ झाडं, एका गटात. तरवड ३, रोशा ५-६. उरलेल्या ५० चौरस मीटरला ४५ सेंटिमीटरवर सुमारे २५० देशी ठोंब लागतात. ते सगळे एकदम मिळणारही नाहीत आणि तुमच्याच्याने एका पावसाळ्यात खुरपूनही होणार नाहीत. म्हणून यंदा ओसरीसमोरचा निम्मा भाग करा. उरलेल्या निम्म्या भागात जे आपोआप उगवेल ते उगवू द्या, फक्त गाजर गवत उपटत राहा. ऑक्टोबरात तिथे काय आलं आहे ते एखाद्या जुन्या गुराख्याला बोलावून दाखवा. तुमच्या जागेत पवना किंवा मारवेल आधीपासूनच असण्याची शक्यता बरीच आहे. असेल तर त्याभोवती खुणेचे दगड ठेवा, बी धरू द्या, आणि तिसऱ्या जूनमध्ये लावलेल्या अर्ध्या भागातले फुटवे काढून बाकीची जागा भरा.